जपानीतले डच शब्द: खरं कर्ज की किरकोळ उधारी?

घाटवाट

बिअरला बीरू, काचेला गारासु, रबराला गोमु, पत्र्याला बुरिकी आणि शाळकरी मुलांच्या पाठीवरच्या त्या कडक दप्तराला रांदोसेरु. जपानी शिकायला घेतलं की हे शब्द लवकरच भेटतात आणि इंग्रजीतून आले असावेत असं वाटतं. आले आहेत डचमधून. 1641 पासून दोनशेहून जास्त वर्षं जपानने युरोपीयांपैकी फक्त डचांना व्यापाराची मुभा दिली, तीही नागासाकीच्या बंदरात भराव घालून केलेल्या देजिमा या इवल्याशा बेटावर.

माझं मत असं की या शब्दांचं जरा जास्तच कौतुक होतं. मालाबरोबर मालाची नावं उतरली, एवढंच ते. डच भाषेचं खरं ऋण आहे ते ऐकून शंकाही येणार नाही अशा शब्दांत.

1771 साली एदोमध्ये, म्हणजे आजच्या तोक्योत, सुगिता गेनपाकु आणि माएनो र्‍योताकु हे वैद्य कोझुकाप्पाराच्या वधस्थानी एका प्रेताची चिरफाड बघायला गेले. दोघांकडेही शरीररचनेचं एकच डच पुस्तक होतं, मूळ जर्मन, कुल्मुस नावाच्या शरीरशास्त्रज्ञाचं. चिरफाड करणारा नव्वदीचा म्हातारा होता. काळीज, यकृत दाखवून झाल्यावर तो आणखी काही अवयवांकडे बोट करून म्हणाला, यांची नावं मला ठाऊक नाहीत, पण तरुणपणापासून उघडलेल्या प्रत्येक देहात ही इथेच असतात. पुस्तकातल्या चित्रांत ते अवयव जसेच्या तसे होते. परंपरेने शिकलेल्या वैद्यकात नव्हते.

दुसऱ्याच दिवसापासून भाषांतर सुरू झालं. थोडंफार डच येत होतं ते र्‍योताकुला. ‘भुवई म्हणजे डोळ्यावर उगवलेले केस’ एवढ्या वाक्यावर अख्खा दिवस गेला तरी उलगडा होईना, असं गेनपाकुने लिहून ठेवलंय. 1774 मध्ये हे भाषांतर ‘काइताइ शिन्शो’ या नावाने छापून आलं. त्यात त्याने तीन वाटा सांगितल्या आहेत. आपल्याकडे शब्द असेल तर तोच वापरायचा, नसेल तर अर्थावरून घडवायचा, आणि तेही जमेना तेव्हाच परका उच्चार उचलायचा. ‘क्राकबेन’ म्हणजे कूर्चा, तिला ‘नानकोत्सु’, मऊ हाड. मज्जातंतूला ‘शिन्केइ’. हे शब्द आजही प्रत्येक जपानी माणसाच्या तोंडी आहेत. मला थोर वाटते ती ही शिस्त. बीरू आणि गोमु तिच्यापुढे किरकोळ उधारी.

काळी शाई

साफ असहमत. वस्तूंची नावं म्हणून तुम्ही जे बाजूला सारताय त्यात ‘पिंतो’ कुठे बसतो? डच ‘ब्रांदपुंत’, म्हणजे भिंगाचा केंद्रबिंदू, त्याचं डोकं उडवून उरलेल्या शेपटाचा झालेला हा शब्द. आज जपानी माणूस कॅमेऱ्याचा फोकस तर पिंतोने सांगतोच, शिवाय कुणी मुद्दा सोडून बोललं की ‘पिंतो-हाझुरे’ म्हणतो. रविवारचा डच ‘झोंदाख’ जपानीत ‘दोनताकु’ झाला, सुट्टीचा दिवस. फुकुओकात दर मे महिन्यात हाकाता दोनताकुचा उत्सव भरतो आणि सगळं शहर रस्त्यावर येतं. हे काय पेटाऱ्यातून उतरलेलं सामान आहे?

दुसरं, हे श्रेय वैद्यांच्या पदरात घालताना नागासाकीचे दुभाषे विसरू नका. त्यांच्या घराण्यांत हे काम पिढ्यानपिढ्या चालायचं. डच जहाजं, डच माल आणि डच माणसं रोज हाताळणारे ते. खुद्द र्‍योताकु डच शिकायला त्यांच्याकडेच नागासाकीला गेला होता. आधी उधारीचे शब्द होते, म्हणून पुढे घडवलेले शब्द आले.

आणि या उधारीची ताकद बघा. नंतर इंग्रजी आली, तरी डच शब्द हटले नाहीत. पाणी प्यायचा ग्लास ‘गुरासु’ झाला, पण खिडकीची काच ‘गारासु’च राहिली. चघळायचं ते ‘गामु’, रबर ते ‘गोमु’. दोन परक्या भाषांचे जुळे शब्द घेऊन जपानीने प्रत्येकाला वेगळं काम दिलं.

घाटवाट

पिंतो चांगला शब्द आहे, पण तोही भिंगाबरोबरच आला. आता उच्चार उचलून वैद्यकात काय झालं ते पाहा. ग्रंथीला डचमध्ये ‘क्लीर’. काइताइ शिन्शोत तिसऱ्या वाटेने त्याचा ‘किरीरु’ केला होता. तो टिकला नाही. 19व्या शतकाच्या सुरुवातीला उदागावा गेनशिन या वैद्याने चक्क नवं चित्राक्षर तयार केलं. शरीराचं चिन्ह एका बाजूला, झऱ्याचं दुसऱ्या बाजूला, उच्चार ‘सेन’. स्राव पाझरणारा अवयव अक्षरातच दिसतो. किरीरुमध्ये वाचणाऱ्याला काय दिसणार होतं?

परीक्षानळी

मी रसायनशास्त्र शिकवते, म्हणून या कौतुकात एक खडा टाकते. गेनशिनच्याच घराण्यातल्या उदागावा योआनने 1837 पासून ‘सेइमी काइसो’ छापायला सुरुवात केली, जपानीतला आधुनिक रसायनाचा पहिला मोठा ग्रंथ. ‘सेइमी’ म्हणजे डच ‘खेमी’, उच्चारानुसार. मूलद्रव्यांना मात्र त्याने अर्थावरून नावं दिली. ‘वाटरस्टोफ’चं ‘सुइसो’, पाण्याचं मूलद्रव्य. ‘झ्यूरस्टोफ’चं ‘सान्सो’, आम्लाचं मूलद्रव्य, म्हणजे आपला ऑक्सिजन.

घोळ इथेच आहे. प्रत्येक आम्लात ऑक्सिजन असतो ही फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिएची समजूत पुढे चुकीची ठरली. हायड्रोक्लोरिक आम्लात ऑक्सिजनचा अणूसुद्धा नाही. पण सान्सो लिहिताना जपानी मूल आजही ‘आम्ल’ हेच अक्षर गिरवतं. चूक ऑक्सिजन या नावातही दडलेली आहे, पण ग्रीक न येणाऱ्याला ती त्रास देत नाही. अर्थ उघडा करून दाखवणारा शब्द त्या काळची समजूतही उघडी करून बसवतो. आपला ‘प्राणवायू’ या बाबतीत तरी सुटला, कारण तो श्वासावरून आला.

उंबरठा

परका दिसला की डच, असं करू नका. पान (पाव) आणि तबाको पोर्तुगीजांकडून आले, डचांच्या कितीतरी आधी. फ्रान्सिस झेवियर 1549 मध्ये गोव्याहूनच निघून कागोशिमाला उतरला होता. आपला पाव आणि त्यांचा पान एकाच पोर्तुगीज शब्दाची लेकरं. पेल्याचा ‘कोप्पु’ डच की पोर्तुगीज यावर अजून वाद आहे.

वखार होती म्हणून शब्द आले, हा तर्कही मला पटत नाही. डचांची वखार वेंगुर्ल्यातही होती, तिच्या पडक्या भिंती अजून आहेत. मराठीत पोर्तुगीज शब्द पायलीचे पन्नास सापडतात, चावी, पगार, परात, बटाटा. डच शब्द शोधत बसावं लागतं. जपानमध्ये युरोपातलं ज्ञान यायला डच पुस्तकं हीच एक खिडकी उरली होती, म्हणून तिथे डच भाषा इतकी खोल गेली.

काळी शाई

उंबरठा, खिडकीचा मुद्दा मान्य. पण मग ती खिडकी किती पटकन निरुपयोगी झाली तेही सांगायला हवं. पुढे मोठा विचारवंत म्हणून गाजलेल्या फुकुझावा युकिचीने ओसाकात ओगाता कोआनच्या शाळेत रात्री जागून डच पक्कं केलं होतं. 1859 मध्ये नुकत्याच खुल्या झालेल्या योकोहामाला गेला, तर पाट्या वाचता येईनात, दुकानदारांशी बोलता येईना. सगळीकडे इंग्रजी. किती खचला असेल तो! पण लगेच इंग्रजीच्या मागे लागला. पुढे 1868 नंतरच्या मेइजी सरकारने वैद्यकासाठी जर्मनीचा हात धरला आणि रुग्णाच्या नोंदीचा कागद जर्मन ‘कारुते’ झाला. योआनचं ‘सेइमी’सुद्धा गेलं, त्याच्या जागी चीनकडून आलेला ‘कागाकु’ बसला. या सगळ्या उलथापालथीत शस्त्रक्रियेच्या चाकूचं नाव मात्र डच ‘मेसु’च राहिलं. हातातल्या वस्तूचं नाव इतकं चिवट असतं, घाटवाट. त्याला किरकोळ म्हणू नये.

आणि गेनपाकुच्या आठवणी जपून वापरा. त्या त्याने 1815 मध्ये, ऐंशी ओलांडल्यावर लिहिल्या. नाकाच्या वर्णनातला ‘फुरुहेहेंदो’ हा शब्द कसा उलगडला याची प्रसिद्ध गोष्ट त्यातलीच. मूळ डच पुस्तकात नाकाच्या भागात तो शब्द सापडतच नाही.

घाटवाट

आठवणींत चाळीस वर्षांचं अंतर आहे, खरंय. पण तीन वाटा 1774 च्या छापील पुस्तकातच आहेत, माझी भिस्त त्यावर आहे.

परीक्षानळी, सान्सोबद्दलचा आक्षेप रास्त आहे. तरीही ज्या पोराला ग्रीक, लॅटिन, डच काहीच येत नव्हतं, त्याला सुइसो वाचताच पाण्याशी संबंध कळला, हा फायदा मला त्या चुकीपेक्षा मोठा वाटतो.

चिवटपणाचं म्हणाल, तर मेसु आणि गारासु जपानमध्ये टिकले आणि जपानमध्येच राहिले. ‘शिन्केइ’ चीन आणि कोरियात गेला, आपापल्या उच्चाराने रोजचा शब्द झाला. गेनशिनचं ‘सेन’ चिनी वैद्यकाच्या पुस्तकांत आज सर्रास छापलं जातं. ज्या चीनकडून जपानने अक्षरं घेतली, त्याच चीनने जपानमध्ये जन्मलेलं अक्षर स्वीकारलं, आणि तेही एका डच शब्दासाठी घडवलेलं.