क्योतोच्या गल्लीबोळांतले तुमचे किस्से

काल सोसायटीच्या मीटिंगमध्ये ठरलं की मागच्या कंपाउंडवरचं शेवाळ खरवडून काढायचं, 'घाण दिसतं' म्हणून. मी गप्प बसले, पण मला एकदम जपानचं क्योतो आठवलं. गिन्काकुजीचं देऊळ, जून महिना, तिथेही पाऊसच. एक आजी एवढ्याशा स्टुलावर बसून शेवाळात उगवलेलं गवत एकेक काडी उपटत होत्या. शेजारी टोपली. मी अर्धा तास बघत राहिले, तेवढ्यात त्यांची परातीएवढी जागा साफ झाली असेल. पुढे शेवाळाचे नमुने मांडलेले, त्यात एक गट 'फार महत्त्वाचं शेवाळ, व्हीआयपी' आणि एक चक्क नको असलेल्यांचा! नवरा म्हणत होता चल, अजून तीन देवळं बाकी आहेत. ती तीन देवळं कुठली, ते आज दोघांनाही आठवत नाही.

तुमच्याकडचं काय काय आहे ते लिहा. प्रवासाचे कार्यक्रम नकोत, किस्से हवेत.

खिडकीतला_कावळा
र्योआनजीच्या देवळात, दगडांच्या बागेत, दगड मोजले का? १५ आहेत, कुठूनही बसा, १४च दिसतात. बाबा निवृत्त ऑडिटर. पडवीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चार वेळा सरकले. 'एक कमी येतोय' म्हणून बेचैन. हॉटेलवर आल्यावरही तेच. चौदाव्यापर्यंत टॅली होतं म्हणे.

मुठेकाठची
ऑडिटर :) :) आमचे हे पण असेच

दुपारची_झोप
मोजे!!! देवळात जाताना बूट काढायचे हे माहीत होतं, पण दिवसातून आठ वेळा काढावे लागतात हे कुणी सांगितलं नव्हतं. निजो किल्ल्यात डाव्या पायाचा अंगठा बाहेर. आणि तिथली लाकडी जमीन पाऊल पडलं की चिवचिवते (खाली खिळे आणि कड्या एकमेकांवर घासतात), त्यामुळे सगळे एकमेकांच्या पायांकडेच बघत असतात. चोर कळावा म्हणून आवाज येतो म्हणतात. चोर नाही, मी होते.

वरची_आळी
ओसाकाला दीड वर्ष ऑनसाइट होतो, सुट्टी पडली की क्योतो. मला देवळांपेक्षा पत्ते आवडले. दोन रस्त्यांची नावं सांगायची आणि पुढे 'आगारु' नाहीतर 'सागारु', म्हणजे चौकातून वर जा किंवा खाली जा. वर म्हणजे उत्तर, कारण ७९४ साली चौकटी आखून शहर वसवलं तेव्हा सम्राटाचा वाडा उत्तरेला होता. आमच्या गावी वरची आळी-खालची आळी, त्यामुळे मी पहिल्या दिवसापासून घरचाच. बसमध्ये मात्र पुढून चढलो. तिथे मागून चढतात, पैसे उतरताना पुढे. ड्रायव्हर काही बोलला नाही, नुसता बघत राहिला. ते जास्त लागलं.

खिडकीतला_कावळा
@वरची_आळी ओसाकाला कुठल्या साली? आमचा मावसभाऊ होता तिकडे

वरची_आळी
२०१६-१७. व्यक्तिगत निरोप करतो.

मीठभाकर
शाकाहारी लोकांनी जपून. 'मासे नकोत' दहा वेळा सांगितलं, मान डोलावली, टोफू आला. वर मासळीचे पातळ पापुद्रे, वाफेने हलत होते. लेक ओरडली, आई ते जिवंत आहे! त्यांना तो मासा वाटतच नाही, मसाला वाटतो. सूपच मुळात त्याच्या पाण्याचं असतं. शेवटी नानझेनजी देवळाजवळ युदोफु खाल्लं, कोम्बु म्हणजे समुद्री शेवाळाच्या पाण्यात उकळलेला टोफू. (हे पण शेवाळच!) बुडवायच्या सॉसमध्ये मासळी असू शकते, तेही विचारा. बाकी सात दिवस भात, मेतकूट आणि उमेबोशी. ते आपल्या खारातल्या लोणच्याचं भावंड.

सुकटप्रेमी
ते पापुद्रे आम्हाला पाठवायचे ना ताई

भरतीओहोटी
धाकटा तेव्हा पाच वर्षांचा. एका बागेत फरसबंद वाटेवर काळ्या दोरीने फुलीसारखा बांधलेला गोटा होता, मुठीएवढा. याने उचलला आणि 'आई, गिफ्ट!' म्हणून माझ्या हातात. तेवढ्यात माळीकाका आले, दोन्ही हातांनी गोटा घेतला, होता तिथेच परत ठेवला, दोरीची गाठ वर करून. मग कळलं, तो गोटा म्हणजे 'इथून पुढे येऊ नका'. ना पाटी, ना कुंपण. आमच्याकडे 'फुले तोडू नयेत' पाटीलाच पिशव्या अडकवतात.

पहाटपाखरू
फुशिमी इनारीच्या देवळात पहाटे पाचला जा, रात्रंदिवस उघडं असतं, तिकीट नाही. नऊनंतर सेल्फी स्टिकचं जंगल. चढताना वाटेवर ओळीने लावलेल्या कमानी नुसत्या केशरी दिसतात. उतरताना मागच्या बाजूला काळ्या अक्षरांत देणगीदारांची नावं आणि तारखा. आपल्या देवळातल्या पंख्यांवर असतात ना, 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ', अगदी तेच.

मुठेकाठची
सांजुसानगेनदोच्या देवळाचं कुणीच लिहिलं नाही? कान्नोन म्हणजे करुणेची बौद्ध देवता, तिच्या १००१ सहस्रभुज मूर्ती आहेत, मधली मोठी बसलेली आणि हजार ओळीने उभ्या. आई दारातच थबकली. पुढच्या रांगेतल्या रक्षक देवतांत एक पक्ष्याच्या तोंडाचा, बासरी वाजवतोय. आई म्हणे, 'हा गरुड असणार.' तोच निघाला, कारुरा. मग तिला चेवच चढला. इंद्र, ब्रह्मदेव, वसू ऋषी (हाडं दिसेपर्यंत वाळलेले), सगळ्यांना क्रमाने नमस्कार. फोटोला बंदी आहे ते बरंच, नाहीतर मी मोबाइलमध्येच असते. आई मागच्या वर्षी गेली. तो गरुड मला अजून तिच्याच आवाजात आठवतो.

मीठभाकर
@मुठेकाठची 🙏

भरतीओहोटी
मग गणपती नाही का जपानात?

वरची_आळी
आहे की, कान्गितेन. पण मूर्ती बहुधा बंद ठेवतात, दर्शन नाही. पांढरा मुळा वाहतात.

सुकटप्रेमी
मुळा?? बाप्पा चिडत नाही?

वरची_आळी
मोदक पण आहे. गिओनमध्ये कानकिदान मिळतं. पिठाची पुरचुंडी, आत गोड सारण, तिळाच्या तेलात तळलेली. भारतातून चीनमार्गे आलं म्हणतात. चावताना कडक, आणि चंदन-लवंगेसारखा वास, मला आधी उदबत्तीच खाल्ल्यासारखी वाटली. वर आठ कळ्या.

दुपारची_झोप
आठच? आमच्या सासूबाई परत करायला लावतील.

मीठभाकर
तळणीचे ना, तळणीच्यांना चालतं. उकडीच्यांना नाही चालणार.

दुपारची_झोप
त्यांना सांगून बघा तुम्ही

खिडकीतला_कावळा
धागाकर्त्या, शेवाळाचं काय झालं?

धागाकर्ती
सकाळी माणूस येऊन गेला. ब्लीचिंग पावडर. मागच्या कोपऱ्यात नळाखाली हातभर राहिलंय, मी कुणाला सांगितलेलं नाही.