विमानतळावर गाडी लावून जाणं हा माज नाही

कासारवडवलीकर
काल इथे एका सभासदाने लिहिलं होतं, "आठवडाभर विमानतळावर स्वतःची गाडी लावून फिरायला जाणाऱ्यांना एकतर पैशाचा माज असतो, नाहीतर त्यांचं गणित कच्चं असतं. टॅक्सी करावी आणि गप्प बसावं." त्याखाली भराभर अंगठे पडले. त्यातल्या किती जणांनी रात्री दोन वाजता ठाण्यात घोडबंदर रोडवर टॅक्सी शोधली आहे, ते मला जाणून घ्यायचंय.

मी शोधली आहे. पहाटे 5:40 चं विमान, मुंबई विमानतळाच्या टर्मिनल 2 म्हणजे टी-2 वरून. सोबत आई, गुडघ्याचं ऑपरेशन होऊन दोन महिने झालेले. पहिल्या गाडीवाल्याने ॲपवर भाडं स्वीकारलं आणि लगेच फोन केला, "कुठं जायचंय? कॅश की ऑनलाइन?" ऑनलाइन म्हटल्यावर फोन कट. नकाशावरची ती गाडी मानपाड्याला अकरा मिनिटं जागची हलली नाही. तो रद्दही करेना आणि येईनाही, कारण मी रद्द केलं की दंड मला. दुसऱ्याने वर तीनशे मागितले. तिसरा आला. डिकी उघडली तर आत सीएनजीची टाकी. दोन बॅगांपैकी एक पुढच्या सीटवर ठेवली आणि आईचा वॉकर घडी करून तिच्याच मांडीवर. मेट्रोच्या कामाचे खड्डे आले की तिचा हात वॉकरवर आणि डोळे मिटलेले. माजिवड्यापर्यंत ती एक शब्द बोलली नाही.

पुढच्या वेळी सहा दिवसांसाठी मी माझी गाडी लावून गेले. लावताना खांबाचा नंबर आणि मजला, दोन्हीचे फोटो काढून ठेवले. परत आलो तेव्हा रात्रीचा सव्वा वाजला होता. आईला लिफ्टपाशी व्हीलचेअरवर बसवलं, गाडी आणली, सीट मागे सरकवून तिचा पाय लांब केला आणि निघालो. घोडबंदर ऐकून तोंड वाकडं करणारं कुणी नव्हतं. त्या शांततेचे मी पैसे मोजले आणि पुन्हा मोजेन. याला माज म्हणायचं असेल तर त्या रात्री माझ्या जागी उभं राहून म्हणा.

नौपाडाकर
अंगठा देणाऱ्यांत मी होतो, म्हणून उत्तर देतो. माज हा शब्द चुकीचा आहे. गणिताबद्दल मात्र तो माणूस बरोबर बोलला.

टॅक्सीचे पैसे दोनदाच जातात, जाताना आणि येताना. चार दिवस जा नाहीतर चाळीस. पार्किंगचं मीटर तुम्ही तिकडे झोपलेले असलात तरी चालू. मी मागच्या महिन्यात नौपाड्यातून टी-2 ला जाऊन-येऊन 1,640 रुपये दिले, त्यात रात्रीचा वाढीव दरही आला. विमानतळाचा चोवीस तासांचा दर बघा, दिवसांनी गुणा, पेट्रोल मिळवा आणि मग ठरवा. एका-दोन रात्रींचं काम असेल तर गाडी लावणं पटू शकतं. आठवड्याच्या पुढे मला तरी ते कधी जमलेलं नाही.

आणि नुसतं भाडं धरून चालत नाही. एकदा जूनमध्ये मी एकोणीस दिवस गाडी लावून गेलो होतो. परत येऊन रिमोट दाबला तर दिवा लुकलुकला नाही. किल्लीने दार उघडलं, स्टार्टर फिरवला, नुसतं टकटक. बॅटरी चार वर्षं जुनी होती. गाडी बंद असली तरी अलार्म आणि डॅशकॅम थोडा थोडा करंट ओढत राहतात, आणि जुन्या बॅटरीत तेवढा दम नसतो. निघताना निगेटिव्ह टर्मिनल काढून ठेवायला हवं होतं, ते मला नंतर मेकॅनिकने सांगितलं. आत स्टिअरिंगवर आणि सीटबेल्टच्या पट्ट्यावर पांढरी बुरशी, आणि वास असा की बायको मागे बसायला तयार होईना. जंप केबलवाला यायला दीड तास गेला. त्या दीड तासात दोन टॅक्सीवाल्यांनी विचारलं, "ठाणे?" म्हणून.

कासारवडवलीकर
तुमचे 1,640 नौपाड्याचे आहेत. ठाणे म्हणजे नौपाड्यातला गोखले रोड नव्हे. कासारवडवलीवरून माजिवड्यापर्यंत यायला संध्याकाळी किती वेळ जातो ते इथल्या माणसाला विचारा. इथे बिल्डरने जाहिरातीत "विमानतळ अमुक मिनिटांवर" असं छापून घरं विकली आणि आम्ही घेतली. वर मेट्रोचे खांब उभे राहिले, खाली गायमुखपर्यंत अवजड गाड्यांची रांग. ऑक्टोबर 2024 मध्ये मुंबईच्या वेशीवरच्या पाचही नाक्यांवर लहान गाड्यांना टोल माफ झाला तेव्हा वाटलं, सुटलो. पैसे वाचले. आनंदनगर नाक्याची रांग आमच्यासाठी आहे तिथेच आहे. हे सगळं सोसून विमानतळ गाठायचा आणि वर टॅक्सीवाल्याच्या मर्जीवर राहायचं?

बॅटरीचं मान्य. एकोणीस दिवस पावसाळ्यात गाडी ठेवू नये. मीही ठेवणार नाही. पण माझा मुद्दा सहा दिवसांचा होता.

तुर्भे लोकल
ठाण्याहून लोकलने घाटकोपर, तिथून मेट्रो, मरोळ नाक्याला उतरून भुयारी मेट्रो पकडली की पुढचंच स्टेशन टी-2. पाठीवर एक बॅग असेल तर हे सगळ्यात स्वस्त आणि वेळेचं खात्रीचं. दोघंही गाडी-गाडी करताय म्हणून आठवण करून दिली.

कासारवडवलीकर
रात्री दोन वाजता कुठली मेट्रो? आणि वॉकर?

तुर्भे लोकल
मी दुपारच्या विमानाबद्दल बोलत होतो. रात्रीचं तुम्ही म्हणता ते खरं.

नेरूळचा
इथे टॅक्सीवाल्याला शिव्या चालल्यात म्हणून बोलतो. माझे वडील बावीस वर्षं टॅक्सी चालवतात. आधी काळी-पिवळी होती, आता ॲपवर.

"कॅश की ऑनलाइन" हा प्रश्न ते हौसेने विचारत नाहीत. ऑनलाइनचे पैसे कंपनीकडून कमिशन कापून नंतर येतात, आणि सीएनजी मात्र आज रात्रीच भरायचा असतो. घोडबंदरला रात्री गिऱ्हाईक सोडलं की परतीचं भाडं मिळत नाही. नेरूळपर्यंत रिकामं यायचं, गॅस स्वतःचा. विमानतळावर गिऱ्हाईक सोडलं तरी पुढचं लगेच हातात येत नाही, तिथल्या रांगेत नंबर लागेपर्यंत कधीकधी दोन-तीन तास काढावे लागतात. मीटरच्या टॅक्सीला रात्री बारा ते पाच सव्वापट भाडं असतं ना, ते याच्यासाठीच.

डिकीतली टाकी मी नाकारत नाही. मोठं सामान असेल तर वरच्या वर्गाची गाडी मागवावी किंवा फोनवर आधीच सांगावं. आणि भाडं घेऊन जागेवर बसून राहणं चूकच. वडीलही त्याला चूकच म्हणतात. नाही जमत तर तोंडावर नाही म्हण, पण बाईमाणसाला रात्री लटकवू नको, हे ते नव्या पोरांना सांगतात.

कासारवडवलीकर
परतीच्या रिकाम्या फेरीचं मला माहीत नव्हतं. पण ती सोय कंपनीने आणि सरकारने बघायची. त्याची किंमत माझ्या आईने मांडीवर वॉकर घेऊन का चुकवायची?

खाडीकिनारा
मी सानपाड्याला राहतो. वय 66. तुमची सगळी चर्चा वाचली. टॅक्सी आणि पार्किंग यांच्यात तुम्ही तिसरं माणूस धरलंच नाही, बाप. आमच्याकडे मुलीचं विमान असलं की मी सोडायला जातो आणि आणायलाही मीच. वाशीच्या खाडीवरचा तिसरा पूल झाल्यापासून रात्री रस्ता मोकळा मिळतो. पार्किंगचे जे काही होतात ते तास-दोन तासांचे. हिचा डबा, फ्लास्कमध्ये चहा. मुलगी बाहेर आली की आधी चहा पिते, मग बोलते. हे कुठल्या ॲपवर मिळत नाही. हल्लीची मुलं "नका येऊ, मी कॅब करते" म्हणतात तेव्हा त्यांना सोय वाटत असेल, आम्हाला घराबाहेर उभं केल्यासारखं वाटतं.

कोलशेत
काका, हे वाचून मला राग आला आहे आणि मी तो लपवणार नाही.

माझे बाबा असेच यायचे. 2022 मध्ये माझं विमान तीन तास उशिरा आलं. पहाटे तीनला बाहेर पडले तर ते कठड्याला धरून उभे. मी म्हटलं, मी चालवते. "तू चौदा तासांचा प्रवास करून आलीस, बस गप्प," म्हणाले. जेव्हीएलआर, म्हणजे जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड, उतरून हमरस्त्याला लागताना त्यांचा डोळा लागला. गाडी डिव्हायडरवर. मला फार लागलं नाही, त्यांचं गळ्याचं हाड मोडलं. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत ते एकच म्हणत होते, "मी जागा होतो, मी जागा होतो." वय 67.

त्यांनी नंतर स्टिअरिंगला हात लावला नाही. गाडी सोसायटीत उभी राहिली, उंदरांनी वायरी खाल्ल्या, शेवटी विकली. तुम्ही ज्याला प्रेम म्हणता त्यात पहाटे तीन वाजता दोन जिवांची जोखीम असते. मुलीने नको म्हटलं तर ते नको ऐका.

खाडीकिनारा
तुमच्या वडिलांचं वाचून वाईट वाटलं. पण एकाचा डोळा लागला म्हणून सगळ्या म्हाताऱ्यांच्या हातून किल्ली काढून घ्यायची का? मी एकतीस वर्षं पाळीची नोकरी केली. रात्र मला नवीन नाही. दुपारी झोपून निघतो.

कोलशेत
बाबाही दुपारी झोपले होते.

नौपाडाकर
आपण मूळ विषयापासून फार लांब आलो.

कासारवडवलीकर
लांब नाही आलो. मी आईसाठी गाडी लावते आणि काका मुलीसाठी गाडी काढतात, दोन्ही एकच आहे. आणि नौपाडाकर, तुमच्या गणितात याला रकानाच नाही.

नौपाडाकर
रकाना आहे. माझ्या आईला मी टॅक्सीनेच नेतो, मागे तिच्या शेजारी बसून, हात धरून. गाडी चालवत असतो तर तो हात स्टिअरिंगवर असता. याचा विचार करून बघा.

कासारवडवलीकर
हे मला आधी सुचलं नव्हतं. तरीही रात्री दोनला टॅक्सी येईल याची खात्री द्या, मग बोलू.

नेरूळचा
खात्री ॲपवर मिळणार नाही. ओळखीचा गाडीवाला धरा, आदल्या दिवशी ठरवा, परतीच्या रिकाम्या फेरीचं काही मिळवून रक्कम आधीच पक्की करा. तो वेळेच्या आधी पाच मिनिटं खाली उभा असतो. वडिलांची अशी सात-आठ घरं आहेत, त्यांना रद्द हा शब्द माहीत नाही. आणि आमच्या बाजूच्यांसाठी सांगतो, 25 डिसेंबर 2025 पासून नवी मुंबईचं विमानतळही सुरू झालंय. तिकडचं विमान मिळत असेल तर नेरूळ-सानपाड्याहून पहाटेचा अर्धा त्रास तसाच जातो.

खाडीकिनारा
मुलीचं विमान सहारला, म्हणजे मुंबईच्या जुन्या विमानतळावरच उतरतं.

कोलशेत, काल तुमचं उत्तर हिला वाचून दाखवलं. ती काही बोलली नाही, उठून आत गेली. नंतर म्हणाली, मागच्या वेळी मानखुर्दच्या उतारावर तुम्ही दोनदा लेन सोडली होती, मी मागे जागी होते. मला ते आठवत नाही. ती खोटं बोलत नाही.

मी गाडी काढणार नाही. जाणार मात्र नक्की, ते सोडणार नाही. नेरूळचे, तुमच्या वडिलांकडे थांबायची गाडी होते का? जाऊन, विमान येईपर्यंत थांबून, परत. मुलगी 14 तारखेला रात्री पावणेदोनला उतरते.

नेरूळचा
होते. थांबण्याचं तासावर वेगळं घेतात, विमान लेट झालं तरी सोडून जात नाहीत. सानपाडा वाटेवरच आहे, साडेबाराला खाली या. नंबर निरोपात पाठवतो.

कोलशेत
काका, मागे डाव्या बाजूला बसा आणि पट्टा लावा. फ्लास्क न्या.