लूदू दॉ अमार यांची पत्रकारिता १९६७ मध्ये संपली असे मानावे काय?

प्रश्न : माळव्यातली वाचक, इंदूर

रामबागेतील आमच्या वाचन मंडळात मला मंडालेच्या लेखिका आणि पत्रकार लूदू दॉ अमार (१९१५–२००८) यांच्यावर बोलायचे आहे. मंडाले म्हटले की आपल्याला लोकमान्यांचा तुरुंगवास आणि ‘गीतारहस्य’ आठवते, पण लोकमान्यांच्या सुटकेनंतर सुमारे दीड वर्षाने त्याच शहरात जन्मलेल्या या बाई आपल्याकडे जवळजवळ अपरिचित आहेत. महायुद्धानंतर पती ऊ ला यांच्यासह त्यांनी ‘लूदू’ हे दैनिक चालवले, ते १९६७ मध्ये लष्करी राजवटीने बंद केले, आणि पुढे बर्मी रंगभूमी, संगीत व चालीरीतींवरील लेखनासाठी त्या ओळखल्या गेल्या. तेव्हा आधी पत्रकार आणि नंतर लोककलेच्या अभ्यासक, अशी दोन भागांत मांडणी केली तर चालेल काय?

उत्तर १ : जुनी पाने, इंदूर

माझ्या मते चालणार नाही, कारण तारखाच त्याच्या आड येतात. लोकप्रिय कलावंतांवरील त्यांच्या पुस्तकाला १९६४ मध्ये राष्ट्रीय साहित्य पुरस्कार मिळाला, तेव्हा दैनिक सुरूच होते. म्हणजे कलावंतांकडे त्या वृत्तपत्र बंद पडल्यावर नाइलाजाने वळल्या नाहीत. सामान्य माणसांची बाजू मांडणाऱ्या संपादिकेला त्या माणसांचे नट आणि वादक तितकेच महत्त्वाचे वाटत होते. दैनिकासाठी या घराने काय सोसले, हेही विस्ताराने सांगावे. सरकारी सैनिकांनी १९४९ मध्ये त्यांचा छापखाना स्फोटकांनी उडवला. १९५३ मध्ये ऊ ला यांना राजद्रोहाच्या आरोपावरून तुरुंगात टाकण्यात आले आणि ते १९५७ मध्ये सुटले. हे स्वतंत्र ब्रह्मदेशाच्या निवडून आलेल्या सरकारच्या काळात घडले, याचा वाचकांना विसर पडू नये.

उत्तर २ : किल्ल्याखालचा, ग्वाल्हेर

तारखांचा मुद्दा मान्य आहे, तरीही १९६७ ची भेग बुजवू नये असे मला आग्रहाने वाटते. पुस्तक लिहिणे आणि कालच्या घटनेवर आज सकाळी मत छापणे यांत फार अंतर आहे, आणि दुसरे काम त्यांच्या हातून कायमचे काढून घेतले गेले. लेखन थांबले नाही म्हणून नुकसान झाले नाही, असा अर्थ श्रोत्यांनी घेऊ नये. त्यानंतरही १९७८ मध्ये त्यांना, पतीला आणि धाकट्या मुलाला अटक झाली व वर्षाहून अधिक काळ डांबून ठेवण्यात आले.

आरंभासाठी १९३६ चा रंगून विद्यापीठातील विद्यार्थ्यांचा संप घ्यावा. त्यात त्या विद्यार्थिनींमध्ये पुढे होत्या, आणि १९३८ मध्ये त्यांनी मॉरिस कॉलिस या ब्रिटिश न्यायाधिकाऱ्याच्या ब्रह्मदेशातील खटल्यांवरील पुस्तकाचा बर्मी अनुवाद केला. वसाहतीतील न्याय गोऱ्यांकडे कसा झुकतो, हे त्यात एका गोऱ्या अधिकाऱ्यानेच लिहिले होते. तरुण लेखिकेने पहिल्याच मोठ्या कामासाठी हे पुस्तक निवडावे, यातच तिची पत्रकारितेची दृष्टी मला दिसते.

माळव्यातली वाचक :

दोघांचेही मनःपूर्वक आभार. आता दोन भाग करणार नाही. संप आणि अनुवादापासून आरंभ करून १९६४ च्या पुरस्कारापर्यंत दैनिक आणि कलावंत एकत्रच मांडीन, आणि १९६७ नंतर काय लिहिता येत होते व काय येत नव्हते यावर उरलेला वेळ देईन.