प्रतिसाद: पट्टी कडेला सैल का पडते

वर विचारलंय की पेयोटीची (सुई-दोऱ्याने एकेक मणी ओवून विणायचा टाका) सपाट पट्टी मधे नीट येते पण कडा सैल पडते आणि दोरा दिसतो, तर माझ्या मते गडबड वळणावर होतेय. ओळ संपली की आपण पट्टी उलटी करतो, नवीन मणी ओवतो आणि नेमकं तेव्हाच डाव्या हाताची पकड सुटते. मी काय करते, वळायच्या आधी दोरा तर्जनीभोवती एक वेढा घेऊन अंगठ्याने कडेचा मणी दाबून धरते, मग सुई पुढच्या उंच मण्यातून (मागच्या ओळीतला वर आलेला मणी) काढून ओळीच्या दिशेनेच ओढते. वर किंवा स्वतःकडे ओढलं तर कडेचा मणी तिरका होतो, बघा करून.

आणि प्रत्येक मण्याला ओढा, पाच-सहा मणी झाल्यावर एकदम नको, कारण मागचे टाके तेवढे घट्ट होतच नाहीत. पण जोर नको हं, पट्टी बोटावर गुंडाळली तर वाकली पाहिजे. पुठ्ठ्यासारखी ताठ झाली किंवा कडेने वाकडी व्हायला लागली तर जास्त ओढताय.

नायलॉनचा दोरा असेल तर सुरू करायच्या आधी हाताने ताणून घ्या, नाहीतर तो नंतर सैलावतो आणि सगळी मेहनत वाया. थोडं मेण लावलं की टाका जागेवर थांबतो. जाडे-बारीक मणी आधीच बाजूला काढा, एका जाड्या मण्याने अख्खी ओळ फुगते, तिथे ताण कितीही सांभाळा काही होत नाही.