स्प्लिटने गट पाडल्यावर ओळी कमी का भरतात?

प्रश्न – फैजपूर
नमस्कार. केळीच्या घडांच्या वजनाचा एक तक्ता मी आर (R) या सांख्यिकीच्या संगणकभाषेत तपासत आहे. त्यात २४० ओळी असून तालुका, बाग आणि किलोमधील वजन असे तीन रकाने आहेत. रावेर, यावल, चोपडा व मुक्ताईनगर हे चार तालुके आणि बागेच्या रकान्यातले मृगबाग व कांदेबाग हे लागवडीचे दोन हंगाम, म्हणजे आठ गट पडतील असे मी धरून चालले होते; पण तालुका व बाग हे दोन्ही रकाने देऊन स्प्लिट हे गट पाडणारे फंक्शन चालवले, तेव्हा दहा गट मिळाले, त्यांतील एक पूर्ण रिकामा निघाला आणि सर्व गटांतील ओळींची बेरीज २३१ भरली. तक्ता सीएसव्ही फाइलमधून वाचला आहे. ज्या शेतकऱ्यांकडून हंगाम कळला नाही, तिथे मी एनए (NA, म्हणजे नोंद नाही) लिहिले आहे. नऊ ओळी कुठे गेल्या असतील?

उत्तर – जळगाव
ताई, त्या नऊ ओळी एनएच्याच असणार. ज्या रकान्यावर गट पाडायचे त्यातच नोंद नसेल, तर स्प्लिट ती ओळ कोणत्याही गटात घालत नाही आणि तसे सांगतही नाही. पुढे सरासरी व्यवस्थित निघते, त्यामुळे काही गळाले आहे अशी शंकाही येत नाही. म्हणून गट पाडल्यावर ओळींची बेरीज मूळ तक्त्याशी ताडून पाहावी, जे आपण केलेच आहे. बागेचा रकाना ॲडएनए या फंक्शनमधून काढून मग स्प्लिटला दिला, तर नोंद नसलेल्यांचे स्वतंत्र गट पडतील.

जास्तीचे दोन गट मात्र तालुक्याच्या नावामुळे पडले असावेत. एनकॅर या फंक्शनने नावांची लांबी मोजून पाहा. ‘यावल’ची लांबी काना धरून चार येते, कुठे पाच आली, तर शेवटी एक मोकळी जागा टाइप झालेली आहे आणि आरच्या दृष्टीने तो पाचवा तालुका आहे. ट्रिमडब्ल्यूएस वापरल्यास ती निघून जाईल.

उत्तर – शहादा
रिकामा गट घालवण्यासाठी स्प्लिटमधला ड्रॉप हा पर्याय सुरुवातीलाच ट्रू करू नका, कारण रिकामा गट नाहीसा झाला तरी दुसरे यावल तसेच राहील आणि चूक झाकली जाईल. आपण एनए लिहिले हे बरे झाले. सीएसव्हीत ती जागा कोरी सोडली असती, तर आरने तिला कोरा मजकूर मानून बिननावाचा तिसरा हंगाम तयार केला असता. गट पाडणाऱ्या इतर फंक्शनांपैकी डीप्लायर या आरच्या पॅकेजमधील ग्रुप-बाय एनएचा गट राखते, पण आरमधलेच टीॲप्लाय तो गाळते.

प्रश्नकर्ती
दोघांचे मनापासून आभार. एका यावलची लांबी खरोखरच पाच निघाली आणि त्या सगळ्या ओळी मृगबागेच्या होत्या. ते दुरुस्त करून ॲडएनए वापरल्यावर बेरीज २४० भरली. नोंद नसलेल्या नऊ ओळींपैकी सात एकट्या चोपड्याच्या आहेत, त्यामुळे तिथली सरासरी काढण्याआधी त्या शेतकऱ्यांना लागवडीचा महिना पुन्हा विचारणार आहे.