मँटिस (प्रार्थनाकीटक) एकदम चिडका झाला तर
पाळलेलं मँटिसचं पिल्लू कालपर्यंत हातावर चढायचं आणि आता पुढचे पाय उगारतंय म्हणून ते तापटच निघालं असं एकानं लिहिलंय, ते काय मला पटलं नाही. आधी त्याच्या पाठीवरचे पंखांचे कोंब बघा, फुगलेत का? तसं असेल आणि खाणंही सोडलं असेल तर ते कात टाकायच्या बेतात आहे, शेवटची कात टाकून पंख फुटायच्या आधी असंच होतंय. उलटं लटकलं की डबा हलवू नका आणि आत जिवंत रातकिडा तर मुळीच ठेवू नका, कात टाकताना अंग मऊ असतंय, उलट तोच ह्याला कुरतडतोय.

दुसरं म्हणजे मँटिसच्या जातीजातीत लई फरक असतोय. आमच्या खानापूर भागात दिव्याला येतात त्यातले मोठे हिरवे हायरोडुला जातीचे मँटिस एकत्र ठेवलात तर सकाळी एकच उरणार. गाँगायलस मात्र, तो वाळक्या पानासारखा दिसणारा दक्षिण भारतातला, पोटभर माशा मिळाल्या तर चारपाच जण एका जाळीत गुण्यागोविंदानं राहतात, आता उपाशी ठेवलं तर कोण कुणाचा हो.