विषय: अर्जंट – कॅनडाच्या फाइलसाठी जुन्या कंपनीचं पत्र

सुहास

नमस्कार मंडळी,
ढोलाच्या तालमीत बऱ्याच जणांना सांगून झालंय म्हणून परत सगळं लिहीत नाही. कॅनडात कायमचं राहण्यासाठी, फ्रेंच येणाऱ्यांच्या ड्रॉमधून (निवडीच्या फेरीतून) आयटीए, म्हणजे अर्ज करायचं आमंत्रण, आलंय आणि ६० दिवसांचं घड्याळ सुरू झालंय. बाकी कागद होतायत, अडलंय ते पुण्याच्या कंपनीपाशी. पत्र मागितलं तर त्यांनी जुनं रिलीव्हिंग लेटरच परत पाठवलं, अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत सीनियर इंजिनियर होते, बास. कॅनडावाल्यांना लेटरहेडवर हुद्दा, कामाचं स्वरूप, आठवड्याचे तास, वार्षिक पगार आणि सही करणाऱ्याचा फोन-ईमेल सगळं हवंय. एचआरची बाई म्हणते कामाचं स्वरूप लिहून द्यायची आमची पॉलिसी नाही. माझा तेव्हाचा मॅनेजर कधीच सोडून गेला. कुणी असल्या कंपनीकडून पत्र काढलंय का, आणि कसं?

ढोल माझ्याच गाडीत आहेत, मिळतील, फोन नका करू.

नाना

सुहास, अभिनंदन. पण मला अजून कळलेलं नाही की कॅनडा कशाला. इथे अमेरिकेत तुझा आय-१४० (ग्रीन कार्डासाठी कंपनीने केलेला अर्ज) मंजूर आहे, दर तीन वर्षांनी एच-१ (नोकरीचा व्हिसा) वाढून मिळतोय, नोकरी चांगली आहे. आम्ही आलो तेव्हा ना ईमेल होता ना हे पोर्टल, पाकीट टाकायचं आणि विसरून जायचं, तरी सगळ्यांची कामं झालीच ना. एक फायदा मात्र मानतो, तिकडचा पासपोर्ट हातात आला की इथल्या ग्रीन कार्डच्या रांगेतून सुटशील.

प्राची

नाना, नाही सुटणार. रांग पासपोर्टवर नसते, जन्म कुठल्या देशात झाला त्यावर असते. एका देशात जन्मलेल्यांना ७ टक्क्यांच्या वर व्हिसा नाहीत, म्हणून तर भारताची रांग अशी तुंबलीय. कॅनडाचा नागरिक झाला तरी तो भारताच्याच रांगेत. हां, नागरिक झाल्यावर टीएन या नोकरीच्या परवानगीवर इथे येऊन नोकरी करता येते, पण ते ग्रीन कार्ड नव्हे. उलट चांगली बाजू ही की तिकडे गेला म्हणून इथली प्रायॉरिटी डेट (रांगेतली जागा ठरवणारी तारीख) काही जात नाही. आणि कॅनडा कशाला हे ज्यांच्या घरात चौदा-पंधरा वर्षांची मुलं एच-४ वर (एच-१ वाल्याच्या कुटुंबाचा व्हिसा) आहेत त्यांना विचारा. २१ पूर्ण झाली की त्या मुलाला स्वतःचा व्हिसा बघावा लागतो, लहानपणापासून इथे वाढला असला तरी. आमच्या घरी दुसरा विषय नसतो आजकाल.

बंडू

सुहास, सोपं आहे. बँकेच्या लोनसाठी पाहिजे म्हणून माग. मला दोन दिवसांत दिलं होतं.

मेघना (आता टोरोंटो)

बंडू, लोनच्या पत्रात पगार असतो, काम काय केलं ते नसतं, आणि इथे अडलंय ते कामावरच. मंडळाची ही मेल-लिस्ट सोडलेली नाही म्हणून मध्ये तोंड घालते. आमच्या ह्यांच्या वेळी हेच झालं होतं. शेवटी एका जुन्या सहकाऱ्याकडून नोटरी केलेलं अॅफिडेव्हिट घेतलं, मी ह्यांच्याबरोबर कोणत्या टीममध्ये होतो, हे रोज काय काम करायचे, आठवड्याला किती तास, असं सविस्तर. त्याच्याबरोबर त्याचं स्वतःचं रिलीव्हिंग लेटर लावलं, म्हणजे तो खरंच तिथे होता हे दिसतं. वर आमचं ऑफर लेटर, पगाराच्या स्लिपा, फॉर्म १६, आणि एचआरने नकार दिला तो ईमेल. सगळ्यांच्या वरती एक पानाचं एक्स्प्लनेशन की कंपनीचं पूर्ण पत्र का नाही. चाललं. पण अधिकारी मान्य करेलच असं नाही, त्याच्या हातात आहे. तेव्हा सुहास, तो नकाराचा ईमेल डिलीट करू नकोस, तोच तुझा पुरावा आहे.

आणि कामाचं वर्णन कुणी लिहून देणार असेल तर सरकारी एनओसीच्या (कॅनडाची व्यवसायांची यादी) पानावरून जसंच्या तसं उचलू नका. त्यातल्या २१२३१ किंवा २१२३२ या सॉफ्टवेअरच्या कोडमधली वाक्यं ते लोक रोज वाचतात.

विनय

एवढा खटाटोप कशाला? ती नोकरी काढूनच टाक. परदेशी अनुभवाचे सीआरएस गुण (ड्रॉसाठी क्रमवारी लावणारे) तीन वर्षांवर थांबतात, सुहासची इथल्या कंपनीतच चार झाली. पुण्याची सहा वर्षं दाखवली काय न दाखवली काय, स्कोअर तोच. पात्रतेच्या ६७ गुणांच्या पहिल्या चाळणीत दोनेक गुण कमी होतील, त्यात तो आरामात बसतो.

मेघना

विनय, हिशोब बरोबर आहे पण वेळ चुकली. प्रोफाइल करतानाच ठरवलं असतं तर ती नोकरी अनुभवात न धरता फक्त पर्सनल हिस्ट्रीत लिहिता आली असती, बरेच जण तसंच करतात. आता आयटीए आल्यावर प्रोफाइलमध्ये एक आणि अर्जात दुसरं दिसलं तर समोरचा विचारणारच. पर्सनल हिस्ट्रीत तर ती कुठल्याही परिस्थितीत यायलाच हवी, दहा वर्षांतला एक महिनासुद्धा रिकामा ठेवायचा नाही. काही लपवलं असं त्यांना वाटलं तर मिसरेप्रेझेंटेशनखाली (खोटी माहिती दिल्याबद्दल) पाच वर्षं अर्जच करता येत नाही.

विनय

लपवा असं मी कुठे म्हणालो? गुण मागू नका म्हणालो. दोन्हींत फरक आहे. असो.

कार्यवाह

सर्व सभासदांना नम्र विनंती. इमिग्रेशनविषयी माहितीसत्र समितीने आधीच ठरवलेले असून हॉलचे बुकिंग चालू आहे. असे प्रश्न समितीकडे पाठवल्यास सर्वांना एकत्रित उत्तर मिळेल. ही लिस्ट कार्यक्रमांच्या सूचनांसाठी आहे. तसेच येथे दिलेला सल्ला मंडळाचा अधिकृत सल्ला नाही, याची नोंद घ्यावी.

प्राची

माहितीसत्र गणपतीच्या आधी होणार होतं. सुहासचे ६० दिवस हॉलसाठी थांबणार नाहीत. आणि मागच्या वर्षी पिकनिकला टेबलं किती लागतील यावर याच लिस्टवर महिनाभर चर्चा चालली होती, तेव्हा कुणाला नियम आठवला नाही.

कार्यवाह

पिकनिक हा कार्यक्रमच होता.

शुभाताई

अरे सुहास, तुझा आय-१४० याच कंपनीने केला ना? मग त्याआधी पर्म (कामगार खात्याची मंजुरी) झाला असेल. ईबी-२ या ग्रीन कार्डच्या गटामध्ये बॅचलर्स अधिक पाच वर्षं दाखवली असशील तर ती पाच वर्षं कुठली? पुण्याचीच, कारण स्पॉन्सर करणारी कंपनी स्वतःकडचा अनुभव सहसा धरू शकत नाही. म्हणजे वकिलाने तेव्हा पुण्याहून कामाच्या वर्णनासकट पत्र मागवलेलं असणारच, त्याशिवाय फाइल पुढे सरकत नाही. वकिलाच्या ऑफिसला विचार. मी हाच कागद घेऊन बारा वाटा फिरले आणि शेवटी तो त्यांच्याच फोल्डरमध्ये निघाला.

बंडू

वकील कंपनीचा असतो ताई. तो जाऊन एचआरला सांगेल की हा माणूस चालला कॅनडाला.

शुभाताई

आपल्याच फाइलची प्रत मागायला कारण द्यावं लागत नाही रे. "माझ्या रेकॉर्डसाठी" एवढं पुरतं.

रोहन

@मेघना, फ्रेंच किती लागतं? मी सहा महिने अॅपवर करतोय.

मेघना

रोहन, अॅपवर नाही होणार. टेफ किंवा टीसीएफ कॅनडा या फ्रेंचच्या परीक्षेत चारही भागांत एनसीएलसी ७ ही पातळी पाहिजे. बोलणं आणि लिहिणं यातच लोक अडकतात, शिक्षक लाव. फ्रेंचच्या ड्रॉचा कटऑफ बराच खाली असतो हे खरं, म्हणूनच आता सगळे तिकडे धावतायत. आणि निकाल दोनच वर्षं चालतो, तेव्हा उगाच घाईने परीक्षा देऊन ठेवू नकोस.

सुहास

शुभाताई, साष्टांग नमस्कार! वकिलाच्या पॅरालीगलने (मदतनिसाने) एका मेलवर स्कॅन पाठवलं, का हवंय ते विचारलंसुद्धा नाही. पुण्याच्या कंपनीने तेव्हा परस्पर वकिलालाच पाठवलं होतं म्हणून माझ्याकडे प्रत नव्हती. लेटरहेड आहे, जुन्या मॅनेजरची सही आहे, कामाचे सात-आठ मुद्दे आहेत. तासांच्या जागी नुसतं "पूर्णवेळ", आणि पगार नाही. मेघना, स्लिपा आणि फॉर्म १६ लावले तर भागेल ना?

आता दुसरा घोळ. इथल्या कंपनीची एचआर पण फक्त हुद्दा आणि तारखा देते, आणि मॅनेजरला इतक्यात सांगायचं नाहीये.

मेघना

भागायला हरकत नाही. ऑफर लेटरमध्ये आठवड्याचे तास छापलेले असतील तर तेही जोड, आणि पगार पत्रात का नाही ते एक्स्प्लनेशनमध्ये दोन ओळींत लिही, पाल्हाळ नको.

इथल्या कंपनीसाठी एचआरचं तेवढंच पत्र घे. मग एच-१ च्या अर्जाबरोबर कंपनीने जे सपोर्ट लेटर दिलं होतं ते काढ, त्यात तुझ्या कामाचं दोन-दोन पानं वर्णन असतं, हुद्दा असतो, पगारही असतो. तेही त्याच पॅरालीगलकडे आहे, आत्ताच मागून घे, नाहीतर परत मेल करावा लागेल. टीममधल्या कुणावर विश्वास असेल तर त्याचं नोटरी केलेलं पत्र वरून लाव.

आणि मेडिकल विसरू नकोस, ऑगस्ट २०२५ पासून ती अर्जाबरोबरच लावावी लागते, पूर्वीसारखं नंतर बोलावत नाहीत. अमेरिकेचं एफबीआयचं क्लिअरन्स आणि भारताचं पीसीसी, हे पोलिसांचे दाखले दोन्ही लागणार, सलग सहा महिने जिथे राहिलास तिथलं प्रत्येक. पीसीसीला वेळ लागतो, ते आज टाक.

नाना

प्राची, जन्माच्या देशाचं मला माहीत नव्हतं असं नाही. बायकोचा जन्म दुसऱ्या देशातला असेल तर तिच्या देशाच्या रांगेत उभं राहता येतं, एवढं मलाही ठाऊक आहे. पण सुहासची बायको सांगलीची.

कार्यवाह

माहितीसत्रासाठी शुभाताई व मेघना यांनी वक्त्या म्हणून आपली नावे समितीला कळवावीत. मेघना ऑनलाइन आल्या तरी चालेल.